बंद घरांतील अग्नि

थंड देशांतील घराचा इतिहास लिहावयाचा झाला तर तो बहुतांशीं अग्नीचाच इतिहास होईल. आपल्याकडे चूल पेटते ती स्वयंपाकासाठीं. युरोपांत व उत्तर अमेरिकेंत वर्षांतील कित्येक महिने अग्नि पेटता ठेवावा लागतो तो माणसाला जगविण्यासाठीं. अशा घरांत राहणाऱ्यानें दारें, खिडक्या, भिंती अधिकाधिक घट्ट करीत जावें हें स्वाभाविकच होय. परंतु ज्या फटींतून थंडी आंत शिरते तिच्यांतूनच अग्नीचा आहारहि आंत येत असतो. ही साधी गोष्ट घरें बांधणारे पुनःपुन्हा विसरले. त्या फटीची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

अग्नीला वारा लागतो हें फुंकणी हातीं धरणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतें. पण वारा संपतो कसा, याचा शोध मात्र उशिरां लागला. इंग्लंडांत जॉन मेयो यानें १६७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आपले प्रयोग वर्णिले आहेत. कांचेच्या उपड्या भांड्याखालीं एखादा लहान प्राणी कोंडला तर तो कांहीं वेळ जगतो. त्याच्या सोबतीला जळता दिवा ठेवला तर तो पुष्कळ लवकर मरतो. दिवा आणि प्राणी एकाच ताटांत जेवत होते, हें त्यानें ओळखलें. त्या अन्नाला प्राणवायु हें नांव मिळण्यास प्रीस्टली व लाव्हॉझिए यांच्यापर्यंत, म्हणजे आणखी शंभर वर्षें, वाट पाहावी लागली.

या ज्ञानाचा घराशीं व्यावहारिक संबंध जोडला तो बेंजामिन फ्रँक्लिन यानें. १७८५ सालीं हा एकोणऐंशी वर्षांचा वृद्ध मुत्सद्दी फ्रान्सहून मायदेशीं परतत होता. प्रवासांत एखाद्यानें विश्रांति घेतली असती. फ्रँक्लिननें भर समुद्रांत आपला मित्र इंगनहाउस या वैद्यास एक प्रदीर्घ पत्र लिहिलें, आणि तें कशाविषयीं, तर धुराडीं खोलींत धूर कां ओकतात याविषयीं! त्यानें नऊ कारणें दिलीं आहेत. त्यांतील पहिलें कारण हवेची उणीव हें होय. नवीन घरांत कारागिरानें प्रत्येक फळी नेमकी बसविलेली असते, दारें चौकटींत घट्ट बसतात, आणि अशा उत्तम घरांतच धूर उलटा फिरतो. जुन्या, मोडकळीस आलेल्या घरांत हा त्रास नसतो. धुराड्यांतून जितकी हवा वर जाते तितकी खोलींत आली पाहिजे. ती न आली तर धुराड्याचा ओढाच बंद पडतो.

त्याचा उपाय मला फार आवडतो, कारण तो मोजमापाचा आहे. खोलींत चांगला जाळ करावा. उघडें दार हळूहळू लोटीत आणावें. धूर बाहेर येऊं लागला कीं थांबावें, आणि तो पुन्हा वर जाईपर्यंत दार किंचित् उघडावें. मग जी फट उरेल ती मोजावी. आठ फूट उंचीच्या दाराची अर्धा इंच फट म्हणजे ४८ चौरस इंच. इतकी फट क्वचितच लागते. बहुतेक धुराड्यांना सहा इंच लांब व सहा इंच रुंद, म्हणजे ३६ चौरस इंचांचें भोंक पुरतें, असा त्याचा अनुभव होता. हें भोंक छताजवळ असावें, कारण तेथें गरम हवेंत मिसळून बाहेरचा गारवा सौम्य होऊनच खालीं उतरतो. पॅरिसमध्यें कोणी खिडकीचें वरचें तावदान बिजागरीवर उघडतें ठेवीत. त्याला जर्मन भाषेंतील ‘हें काय आहे?’ या प्रश्नाचेंच नांव पडलें होतें.

फ्रँक्लिनच्या काळीं एक सोय होती. अग्नि उपाशी राहिला तर डोळ्यांत पाणी येई, भिंती काळ्या होत, आणि घरधनी तत्काळ दार उघडी. पण धूर न दिसतांहि एक विष तयार होतें. हवा अपुरी पडली म्हणजे कोळशाचें वा गॅसचें ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो, हें क्लोद बर्नार यानें १८५७ च्या सुमारास दाखविलें. रक्ताची त्याच्याशीं सलगी प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक असते. सप्टेंबर १९०२ मध्यें पॅरिसच्या आपल्या घरीं निजलेला कादंबरीकार एमिल झोला सकाळीं मृत आढळला. त्याची पत्नी कशीबशी वांचली. खिडक्या बंद होत्या, शेगडी पेटविलेली होती, धुराडें तुंबलें होतें. तेथें चुकली ती धूर जाण्याची वाट, हवा येण्याची नव्हे. तथापि खोलींत निजलेल्या माणसाला दोहोंचें फळ सारखेंच मिळतें.

विसाव्या शतकांत अमेरिकेंतील घरांचा अग्नि तळघरांतील भट्टींत, म्हणजे फर्नेसमध्यें गेला. प्रथम तो कोळशाचा होता; कोणीतरी रोज उठून फावड्यानें कोळसा घालावयाचा आणि राख काढावयाची. दुसऱ्या महायुद्धांत टेक्ससहून पूर्व किनाऱ्याकडे खनिज तेल नेण्यासाठीं प्रचंड नळ घातले गेले होते. १९४७ सालीं ते विकले जाऊन त्यांतून नैसर्गिक गॅस वाहूं लागला, आणि गॅसची भट्टी घरोघर पसरली. फावडें गेलें, राख गेली, काजळी गेली. मात्र त्यांच्याबरोबर इषारा देणारा धूरहि गेला. गळणारा गॅस कळावा म्हणून त्यांत दुर्गंधि मिसळतात; १९३७ सालीं टेक्ससमधील न्यू लंडनच्या शाळेंत स्फोट होऊन सुमारें तीनशें जीव गेले, तेव्हांपासून या प्रथेस जोर आला. पण तो दुर्गंधि ज्योतींत जळून जातो. अर्धवट जळलेल्या गॅसची खबर तो देत नाहीं.

म्हणून तेथील नियमांना फट मोजावी लागली. एक लाख बी. टी. यू. इतकी उष्णता ताशीं जाळणारी भट्टी घ्या. ती तासाला सुमारें शंभर घनफूट गॅस खाते, आणि तो पुरता जळण्यास निदान हजार घनफूट हवा लागते. शिवाय धुराड्याचा ओढा राखण्यासाठीं वेगळीच. अशा भट्टीला ५,००० घनफुटांचें, म्हणजे २५ फूट लांब, २५ फूट रुंद व आठ फूट उंच एवढें स्थान हवें, असा जुना ठोकताळा आहे. भट्टी कपाटवजा खोलींत कोंडली असेल तर बाहेरची हवा घेणारीं दोन भोंकें पाडावयाचीं, एक छतापासून बारा इंचांच्या आंत, दुसरें जमिनीपासून तितक्याच अंतरांत. दर चार हजार बी. टी. यू. ला एक चौरस इंच, म्हणजे प्रत्येक भोंक २५ चौरस इंचांचें. एकच भोंक ठेवावयाचें तर तें वरच्या अंगास, दर तीन हजारांस एक चौरस इंच या हिशेबानें. भागाकार केला तर उत्तर ३३ येतें. उघडी शेगडी आणि बंदिस्त भट्टी यांची तुलना काटेकोर नव्हे; तरी फ्रँक्लिनचे ३६ चौरस इंच आणि त्याचें छताजवळचें भोंक आठवल्यावांचून राहत नाहीं. भोंकावर लांकडी पट्ट्यांची झडप बसविली तर त्याचा पाव भागच खुला धरावा, असेंहि नियम सांगतो. ही सूचना कितीजण वाचतात कोण जाणे.

५,००० घनफुटांचा तो ठोकताळा घर फटींतून श्वास घेतें या गृहीतावर उभा होता. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, इंधन महागलें, आणि अमेरिकन गृहस्थानें फटी बुजविण्याचा सपाटा लावला. दुहेरी तावदानें आलीं, भिंतींत कापसासारखें अस्तर भरलें गेलें. त्याच घरांत स्वयंपाकघराचा पंखा आणि कपडे वाळविण्याचें यंत्र मिनिटाला शंभर-शंभर घनफूट हवा बाहेर फेकूं लागलीं. हवेला आंत येण्यास एकच रस्ता उरला, तो म्हणजे धुराडें. आणि भट्टीचा दूषित वायु त्या रस्त्यानें उलटा खालीं उतरूं लागला. घरांतील हवा ताशीं ०.४० पटींहून कमी बदलत असल्याचें ठाऊक असेल तर जुना ठोकताळा वापरूं नये, असें पुढें नियमांतच घालावें लागलें. भोंकांतून थंडी येते म्हणून त्यांत चिंध्या कोंबणारे गृहस्थ मात्र कोणत्याहि नियमाला आवरले नाहींत.

आपल्याकडे अशा भट्टीचें कारण नाहीं. परंतु लहानशा स्नानगृहांत खिडकी लावून गॅसचा गीझर चालू ठेवल्यामुळें माणसें दगावल्याच्या बातम्या आपण वाचतों, तेथेंहि कारण हेंच असतें. ज्योत आणि माणूस यांना तेथें शे-दोनशें घनफूट हवेंत भागवावें लागतें.

१९८० च्या दशकापासून भट्टी बांधणाऱ्यांनीं निराळाच मार्ग धरला. घराच्या हवेवर विसंबणेंच त्यांनीं सोडून दिलें. या भट्टीची पेटी बंद असते. एक नळ बाहेरची हवा तिला आणून देतो, दुसरा जळका वायु बाहेर नेतो, आणि आंतल्या पंख्यांशीं तिचा कांहीं संबंध राहत नाहीं. हे नळ बहुधा भिंतींतून हात-दीड हात उंचीवर बाहेर काढलेले असतात. बर्फाचें वादळ झालें कीं त्यांचीं तोंडें बुजतात, भट्टी विझते, आणि घरधनी अंगावर गरम कोट चढवून, हातांत फावडें घेऊन तीं मोकळीं करावयास बाहेर पडतो.