पट्टीवरची वजाबाकी : लिलावाचा खर्च नेमका कोण भरतं?

परवा घर रंगवायला काढलं तेव्हा अण्णांची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली आली. सातबाऱ्याचे जुने उतारे, सोसायटीच्या पावत्या आणि तळाशी तारेत ओवलेल्या कांद्याच्या पट्ट्या. त्यातली एक 1997 सालची. ट्रॉलीत मी होतो, म्हणून तो दिवस आठवतो.

कांदा वीस क्विंटल, भाव 250 रुपये. म्हणजे पाच हजार व्हायला हवेत. पट्टीवर वजन लिहिलंय 19 क्विंटल 60 किलो. चाळीस किलो ‘कडता’. त्याचे झाले 4,900. त्यातून अडत शेकडा चार, म्हणजे 196. हमाली 60, तोलाई 24, वाराई 16. हातात 4,604. ट्रॉलीचं भाडं वेगळं, ते पट्टीवर नसतंच. शंभरामागे जवळपास आठ रुपये वाटेतच गेले.

मी अण्णांना विचारलं होतं, कडता म्हणजे काय? ते म्हणाले, “पद्धत आहे.”

पुढं पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि गेली वीसेक वर्षं बाजार समितीच्या बातम्या लिहितोय. भाव किती निघाला हे रोज छापलं, पण ही ‘पद्धत’ आली कुठून हे कधी नीट लिहिलं नाही. म्हणून आज जरा लांबलचक पोस्ट. शेती नसलेल्यांनीही वाचा, कारण तुमच्या पिशवीतल्या कांद्याच्या भावात हे सगळं आहे.

आधी माणसं ओळखून घेऊ. लिलावात विकणारा शेतकरी असतो आणि घेणारा व्यापारी. मध्ये अडत्या: माल उतरवून घेणारा, सौदा लावून देणारा, पैशाची हमी घेणारा, आणि अडीनडीला शेतकऱ्याला उचल देणारा. त्याचं कमिशन म्हणजे अडत. माल उतरवणाऱ्याची हमाली, मापाऱ्याची तोलाई. आवार, रस्ते, दिवाबत्ती यासाठी बाजार समिती घेते ती बाजार फी. कामं खरी आहेत, दाम द्यायलाच पाहिजे. भांडण फक्त दोनच गोष्टींचं: कोणी द्यायचं, आणि कोणाच्या परवानगीनं कापायचं.

याचा इतिहास कांद्यापासून नाही, कापसापासून सुरू होतो. वऱ्हाडात कारंजाला 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. मग 1897 साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. शेतकऱ्याच्या कळवळ्यानं आला असं समजू नका. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस बिनभेसळ हवा होता. पण त्या निमित्तानं बाजारात कोण बसणार, काय घेणार, हे पहिल्यांदा कागदावर आलं.

त्याआधी काय होतं? सौदा रुमालाखाली व्हायचा. अडत्या आणि व्यापारी कापडाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल तो शेजारी उभा, पण त्याला आकडा शेवटी कळायचा. आणि मग पट्टीवर अडत, दलाली, हमाली, तोलाई यांच्या जोडीला नमुना म्हणून उचललेला माल, मातेऱ्याची सूट आणि धर्मादाय. गोशाळेला, पाठशाळेला दान व्यापाऱ्याच्या नावानं, पैसे शेतकऱ्याच्या पट्टीतून.

1926 साली सरकारनं शेतीसाठी रॉयल कमिशन नेमलं. अध्यक्ष लॉर्ड लिनलिथगो, जे पुढं व्हाइसरॉय झाले. 1928 च्या अहवालात या कपातींची दखल घेऊन देशभर नियंत्रित बाजार उभे करा अशी शिफारस झाली. मुंबई इलाख्यानं 1927 सालीच कापूस बाजारांचा कायदा केला होता. 1939 साली तो इतर शेतमालालाही लागू होईल असा नवा कायदा झाला. लासलगावची बाजार समिती 1947 सालची. राज्य झाल्यावर 1963 चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायदा आला आणि 1967 पासून अमलात आला.

या सगळ्या कायद्यांत एक कलम पुन्हा पुन्हा येतं, आणि मला ते भावाच्या कलमांपेक्षा मोठं वाटतं. नियमात लिहिलेली नाही अशी कुठलीही व्यापारी सूट वजनातून किंवा किमतीतून घेता येणार नाही. म्हणजे ‘पद्धत आहे’ हे उत्तर कायद्यानं तेव्हाच बाद केलं होतं. तरी 1997 साली अण्णांच्या पट्टीवर चाळीस किलो कडता होताच. कायदा मुंबईत, काटा गावात.

आता कोणी काय भरायचं ते बघा. बाजार फी 1963 च्या कायद्यानं खरेदीदारावर टाकली. शंभराला पाऊण-एक रुपया, वर देखरेखीचे पाच पैसे. अडत मात्र विकणाऱ्याच्या माथी राहिली, कारण कागदोपत्री अडत्या हा शेतकऱ्याचा माणूस. तो शेतकऱ्यासाठी चांगला भाव काढतो, म्हणून त्याचं कमिशन शेतकऱ्यानं द्यायचं. ऐकायला रास्त आहे. पण आमच्या यार्डात ट्रॉल्या रांगेत लागतात, व्यापारी स्वतः फिरून बोली लावतात, आणि पुष्कळदा अडत्या आणि खरेदीदार एकाच गाळ्यात बसतात. मग शेतकऱ्यानं अडत कोणत्या कामाची द्यायची? शेतकरी संघटनांचा हा प्रश्न जुना आहे.

हमाली-तोलाईची गोष्ट वेगळी. इथं समोर अडत्या नाही, पाठीवर पोतं घेणारा माणूस आहे. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं, आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. मजुरीवर लेव्ही बसली. त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी, रजा, दवाखाना मिळायला लागला. शेतकऱ्याची बाजू लिहिताना मी हे विसरत नाही. आठ रुपयांतला हमालाचा वाटा हा त्याच्या घामाचा आहे.

अडतीचा निकाल लागायला मात्र 2016 उजाडलं. त्याआधी डिसेंबर 2014 मध्ये पणन संचालकांनी अडत खरेदीदाराकडून घ्या असा आदेश काढला. व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि त्याला लगेच स्थगिती मिळाली. जुलै 2016 मध्ये सरकारनं अध्यादेश काढला. फळं, भाजीपाला, कांदा-बटाटा बाजाराच्या आवाराबाहेर विकायला मोकळे, आणि आवारात अडत खरेदीदाराकडून. राज्यभर बाजार बंद पडले. आमच्या नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव कितीतरी दिवस थांबले. सुरू झाले तर कांदा गोणीत भरून आणा असा आग्रह. गोणीचा खर्च कोणाचा, यावरून पुन्हा भांडण. एक कपात दारातून गेली आणि दुसरी खिडकीतून आत यायला बघत होती.

तेव्हा एका व्यापाऱ्याशी यार्डातच चहा पिताना बोलणं झालं. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, खिसा आमचा असला तरी आम्ही ते बोलीतच धरतो.” मी घरी येऊन वहीत मांडलं. समजा व्यापाऱ्याला क्विंटलला सगळं धरून 1,040 रुपये परवडतात. जुन्या पद्धतीत तो बोली 1,040 ची लावणार, शेतकऱ्याची शेकडा चार अडत कापली जाणार, हातात 998 रुपये 40 पैसे. नव्या पद्धतीत तो बोली 1,000 ची लावणार आणि वर 40 रुपये अडत भरणार. शेतकऱ्याच्या हातात 1,000. फरक एक रुपया साठ पैसे!

मग एवढा लढा कशासाठी, असं तुम्ही विचाराल. मलाही त्या रात्री तसंच वाटलं होतं. पण हे गणित तेव्हाच खरं, जेव्हा व्यापारी सगळी अडत बोलीतून काढून घेऊ शकतो. ट्रॉलीभोवती दहा खरेदीदार चुरशीनं उभे असतील तर त्याला सगळी काढता येत नाही, थोडी स्वतः सोसावी लागते. तिघंच असतील आणि तेही एकमेकांचे पाहुणे, तर चार रुपयेच काय, सहाही काढतील. म्हणजे अडत कोणाच्या नावावर लिहिली यापेक्षा बोली लावायला किती जण उभे आहेत हे जास्त महत्त्वाचं. म्हणून नवीन खरेदीदाराला परवाना मिळतो का, हा प्रश्न समितीच्या सभेत विचारायला हवा. तो कोणी विचारत नाही.

दुसरं म्हणजे, अडत बोलीत गेली की शेतकऱ्याला ऐकू येतो तो भाव आणि मिळतो तो भाव जवळ येतात. अण्णा 250 ऐकून घरून निघालेल्या खर्चाचा हिशोब मांडायचे आणि हातात 230 पडायचे. त्यांना फसवलं गेलं असंही म्हणता यायचं नाही, कारण सगळं पट्टीवर लिहिलेलं होतं.

भांडण अजून संपलेलं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये नाशिकच्या कांदा व्यापाऱ्यांनी खरेदी बंद ठेवली, तेव्हा निर्यात शुल्काबरोबर बाजार फी निम्मी करा हीसुद्धा मागणी होती. एप्रिल 2024 मध्ये हमाली-तोलाई आणि तिच्यावरची लेव्ही कोणी भरायची यावरून लिलाव थांबले. दोन्ही वेळा कांदा थांबला तो शेतकऱ्याच्या खळ्यात. व्यापारी, हमाल, समिती, सरकार सगळे बैठकीत होते. ज्याच्या मालावर चर्चा चालली होती तो बाहेर आभाळाकडं बघत बसला होता.

म्हणून माझं सांगणं एवढंच. लिलावाचा आकडा ऐकून खूश किंवा नाराज होऊ नका. पट्टी हातात घ्या आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, हे कशाचे, आणि कोणत्या नियमानं? लिलाव झाल्यावर गाळ्यावर माल रिकामा करताना ‘माल हलका निघाला’ म्हणून तोंडी भाव कमी करतात, तोही पट्टीवर लिहून मागा. लिहिलेल्या कपातीशी भांडता येतं. न लिहिलेलीशी येत नाही.

अण्णा आता नाहीत. त्या पट्ट्या मी प्लास्टिकच्या फाईलमध्ये लावून ठेवल्यात. तुमच्या घरात अशा जुन्या पट्ट्या असतील तर रद्दीत घालू नका. नाव-गाव झाकून फोटो पाठवा, साल आणि माल सांगा. आपल्या तालुक्याच्या बाजाराचा हिशोब आपणच लावून बघू.