गंधाराचा क्रमांक ६४

अंबरनाथच्या एका शाळेत विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. नववीतल्या एका मुलाने आपल्या घरचा मोबाइल एका साध्या की-बोर्डला जोडला होता. तार आणि जोडणीचा तुकडा त्याने उल्हासनगरच्या बाजारातून आणला होता. मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवले की की-बोर्ड वाजे, मोबाइल मात्र गप्प. "सर, आवाज तारेतून जातो का?" मुलांनी विचारले. शेजारी संगीताचे शिक्षक उभे होते. ते रोज बदलापूरहून लोकलने येतात आणि गर्दीत तंबोरा आणता येत नाही म्हणून मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर भागवतात. ते म्हणाले, "आवाज कुठून का जाईना, याचा गंधार चढा आहे!"

वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण दोन्हींची उत्तरे एकाच इतिहासात सापडतात.

पहिला प्रश्न सोपा. तारेतून आवाज जात नाही, आकडे जातात. मधल्या सप्तकातली पांढरी एक वाजवायची असेल, तर मोबाइल तीन आकडे पाठवतो: १४४, ६०, १००. पहिल्याचा अर्थ 'पहिल्या वाहिनीवर सूर सुरू कर', दुसरा त्या पट्टीचा क्रमांक आणि तिसरा पट्टी किती जोमाने दाबली त्याचे माप. आवाज निर्माण करणे हे की-बोर्डचे काम. तबलजीला 'तीनताल, मध्यलय' एवढे सांगावे आणि ठेका त्याने धरावा, तसाच हा प्रकार.

या भाषेचे नाव मिडी. १९८०च्या सुमारास विजेवर चालणारी वाद्ये बरीच झाली होती, पण एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकत नसे. १९८१ साली अमेरिकेतील डेव्ह स्मिथ यांनी सर्वांसाठी एकच जोडणी असावी, असा प्रस्ताव ध्वनी-अभियंत्यांच्या परिषदेत मांडला. जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनीही हा विषय उचलून धरला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली. एक वाजवले की दुसरे वाजू लागले! ही भाषा सर्वांना खुली ठेवली गेली, म्हणूनच ती जगभर पसरली. २०१३ साली या दोघांना तांत्रिक कामगिरीचे ग्रॅमी मिळाले.

त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग महाग होते, म्हणून सगळा कारभार काटकसरीचा. सेकंदाला ३१,२५० बिट एवढाच वेग. तीन आकड्यांचा एक निरोप पोहोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. प्रत्येक आकड्याला आठ बिट, पण त्यांतला पहिला बिट 'हा हुकूम आहे की माहिती' हे ओळखण्यासाठी राखून ठेवलेला. माहितीसाठी उरले सात बिट, म्हणजे ० ते १२७ हे १२८ आकडे. पियानोच्या ८८ पट्ट्या त्यांत आरामात बसल्या. प्रत्येक पट्टीला एक क्रमांक आणि बारा क्रमांकांचे एक सप्तक, असा हिशेब ठरला.

आता गंधाराकडे वळू. पांढरी एकचा षड्ज ६० धरला तर शुद्ध गंधार येतो ६४ वर. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्या हिशेबाने षड्जाची कंपने सेकंदाला २६१.६, तर गंधाराची ३२९.६. पण तंबोऱ्याची तार छेडली की तिच्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो षड्जाच्या सव्वापट असतो, म्हणजे ३२७. फरक अवघा २.६ कंपनांचा, पण षड्जाचा पाचवा उपस्वर आणि गंधाराचा चौथा उपस्वर एकमेकांजवळ येतात आणि सेकंदाला सुमारे दहा विस्पंद, म्हणजे आवाजाचे हेलकावे, निर्माण होतात. मुरलेल्या कानाला ते खुपतात. आमच्या संगीत शिक्षकांची तक्रार अगदी शास्त्रशुद्ध होती.

ही तक्रार महाराष्ट्राला नवी नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारांची लांबी मोजून, गायकांचे सूर तपासून १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा त्यांना आधार मिळाला. ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची हार्मोनियमही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झडला. रागातली श्रुती अशी खिळ्याने ठोकून बसवता येते का, हा खरा मुद्दा होता, आणि भातखंड्यांना देवलांचे गणित पटले नाही. पुढे १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवरच बंदी घातली. ती शिथिल व्हायला सुमारे तीस वर्षे लागली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवून तो धागा पुन्हा हाती घेतला आहे.

गंमत अशी की मिडीच्या भाषेत पळवाट पहिल्यापासून होती. सूर किंचित वर-खाली सरकवण्याचा हुकूम तीत आहे आणि त्यासाठी दोन आकडे जोडून १६,३८४ पायऱ्या मिळतात. आम्ही त्या मुलासोबत फळ्यावर गणित मांडले. षड्ज पहिल्या वाहिनीवर ठेवला, गंधार दुसऱ्या वाहिनीवर आणि दुसऱ्या वाहिनीला निरोप पाठवला: २२५, ७९, ५९. गंधार उतरला आणि हेलकावे विरले. शिक्षकांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "हां, आता बसला."

वाहिन्या वेगळ्या का ठेवल्या? कारण हा हुकूम वाहिनीवरच्या सगळ्याच सुरांना लागू होतो. एकच वाहिनी असती तर षड्जही घसरला असता. वाहिन्या सोळाच. म्हणून १९९२ मध्ये प्रत्येक क्रमांकाचा सूर हवा तसा लावण्याची सोय आली, २०१८ मध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र वाहिनी देण्याची पद्धत प्रमाणित झाली, आणि २०२० मध्ये मंजूर झालेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक सूर आपापला सरकू लागला. दरम्यान वाटाही बदलल्या: १९९९ मध्ये यूएसबीची तार, २०१५ मध्ये बिनतारी ब्लूटूथ. वाट कोणतीही असो, साध्या की-बोर्डला आजही १४४, ६०, १०० हेच आकडे जातात.

कोणतेही प्रमाण ठरवताना काहीतरी धरले जाते आणि काहीतरी सुटते. १९८३ च्या अभियंत्यांनी आपल्यासमोर असलेल्या पट्ट्या मोजल्या. त्यांत त्यांची चूक नव्हती. पण गंधार ६४ नंबरचा, असे मुलांनी पाठ करण्याआधी त्यांना तंबोरा ऐकवायला हवा. तुमच्या शाळेतही हा प्रयोग जरूर करून पाहा: मोबाइलवरचा तंबोरा लावा, की-बोर्डवर गंधार दाबून धरा आणि सेकंदाला किती हेलकावे येतात ते मोजायला सांगा. विज्ञानाचा आणि संगीताचा तास त्या दिवशी एकत्र घेतला तर उत्तमच!