गर्भिणीची विश्रांति

डहाणू तालुक्यांत विवळवेढें येथें महालक्ष्मीचें देऊळ आहे. देवीचें मूळ स्थान मागच्या मुसळ्या डोंगरावर आहे, असें तेथील लोक मानतात. कथा अशी सांगतात कीं, एक आदिवासी स्त्री नेमानें डोंगर चढून दर्शनास जात असे. ती गरोदर राहिली, तरी तिनें नेम मोडला नाहीं. एके दिवशीं अर्ध्या वाटेंत तिला घेरी आली. तेव्हां देवी म्हणाली कीं, आतां तूं वर येऊं नकोस, मीच पायथ्याशीं येतें. चैत्री पौर्णिमेपासून येथें मोठी यात्रा भरते ती याच पायथ्याच्या देवीची.

या कथेंतील देवी भक्तिणीच्या अंगांत अधिक बळ घालीत नाहीं. ती तिची चढण कमी करते. गरोदरपणांतील त्रासावर आज योगासनांचा उपाय सुचविला जातो. त्याचा इतिहास पाहतांना हा भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

गर्भिणीनें आसनें करावीं ही कल्पना फार प्राचीन आहे, असा पुष्कळांचा समज असतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत मात्र गर्भिणीनें टाळावयाच्या गोष्टींत व्यायाम, वाहनांत बसणें, रात्रीचें जागरण आणि उकिडवें बसणेंही सांगितलें आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामानें रचिलेली हठप्रदीपिका मोक्षार्थी साधकासाठीं आहे. गरोदर स्त्रीच्या कंबरदुखीचा विचार तींत नाहीं. हा विचार विसाव्या शतकांतला आहे, आणि त्याची जडणघडण पुष्कळशी आपल्याच प्रांतांत झाली.

१९१८ सालीं श्रीयोगेंद्र यांनीं मुंबईंत वर्सोवा येथें योगसंस्था स्थापिली, व संन्याशाची विद्या संसारी माणसांच्या घरांत आणिली. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनीं १९३४ सालीं खास स्त्रियांच्या योगव्यायामावर पुस्तक लिहिलें. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून आसनांचा शरीरावरील परिणाम यंत्रांनीं मोजण्यास आरंभ केला. पुढें पुण्याच्या गीता अय्यंगार यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत गरोदरपणास स्वतंत्र स्थान दिलें.

या मंडळींनीं घातलेला पाया भक्कम आहे. भिंतीला पाठ टेकून पावलें जुळवून बसणें, ओणवें राहून पाठीचा कणा हळूहळू वर-खालीं करणें, कुशीवर निजून संथ श्वास घेणें, यांनीं कंबरेचा ताण व मनाची धास्ती कमी होण्यास मदत होते. तथापि उलटीं आसनें व श्वास कोंडणें टाळावें. उत्तरार्धांत फार वेळ उताणें निजूं नये, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो. आणि रक्तस्राव, चेहऱ्यावर सूज वा तीव्र डोकेदुखी दिसतांच चटई गुंडाळून दवाखाना गांठावा. रक्तक्षय तर कोणत्याही आसनानें जात नाहीं.

आतां ही चटई डहाणू-तलासरीच्या पाड्यावर अंथरून पाहूं. शहरांतल्या स्त्रीची कंबर बसून बसून दुखते. येथल्या स्त्रीची आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलांत ओणवें राहून दुखते. डोक्यावर मोळी, कमरेवर हंडा, पायांखालीं चढण. तिला व्यायाम हवा असें कोण म्हणेल? तिला हवें आहे बसणें. आणि बसण्याचा हक्क हा येथें नेहमींच दुसऱ्याच्या हातीं राहिला.

१९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत प्रसूति-साहाय्याच्या बिलावर चर्चा झाली. मातेस प्रसूतीपूर्वीं व नंतर कांहीं काळ विश्रांति मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे, असें प्रतिपादून डॉ. आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. १९२९ सालीं कायदा झाला, पण तो कारखान्यांतल्या स्त्रियांपुरता. त्याच काळीं डहाणूंत लग्नाच्या कर्जापायीं नवरा-बायको दोघेंही सावकाराकडे राबत. त्यांस ‘लग्नगडी’ हें नांव होतें. जिचें लग्नच गहाण, तिचें गरोदरपण मोकळें कसें असेल? १९४५ सालीं आज तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी गांवीं वारली जमले आणि वेठ नाकारण्याचा निश्चय झाला. गोदावरी व शामराव परुळेकर हे या चळवळीचे पुढारी होते. त्याच वर्षीं पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागून संप झाला. या लढ्याच्या मागण्यांत आसनें नव्हतीं, हें खरें. परंतु आपल्या शरीरश्रमावर आपली सत्ता असावी, ही मागणी होती, आणि तिच्यावांचून गर्भिणीच्या विश्रांतीस अर्थ नाहीं.

२०१५ पासून महाराष्ट्र शासनाची अमृत आहार योजना आदिवासी भागांतील गरोदर स्त्रीस अंगणवाडींत एक वेळचें पूर्ण जेवण देते. जेवणासाठीं बायका एकत्र जमतात, त्याच घटकेस कोणी जाणतीनें त्यांस पाठ टेकून बसण्याचीं, कुशीवर निजण्याचीं व श्वासाचीं चार सोपीं आसनें दाखविलीं, तर तीं उपकारकच होतील. मात्र तीं जेवणानंतर कांहीं वेळानें, आणि त्या दिवसाची मजुरी न बुडतां. योग शिकविणाऱ्यानें पायथ्याशीं यावें; गर्भिणीस आणखी एक डोंगर चढावयास लावूं नये.