जांभळ्या प्रकाशाचा चार्जर

आमच्यापैकी एका शिक्षकमित्राची विजेवर चालणारी मोटरसायकल अचानक चार्ज होईनाशी झाली. गाडी धड, बॅटरी धड. मेला होता तो चार्जर. दुकानदाराने फळीवरचा दुसरा काढून दिला. "४८ व्होल्टचाच आहे, पिनही बसते." पिन बसत होती खरी. पण मित्राने चार्जरवरची बारीक अक्षरे वाचली आणि तो परत केला. का, ते पुढे सांगूच.

मेलेला चार्जर आम्ही उघडून पाहिला. (प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार साचलेला असतो व त्याचा झटका जबर बसतो. आम्ही आधी मल्टिमीटरने खात्री करून घेतली. मुलांना हे करू देऊ नये.) आत चार पायांचा एक काळा चौकोनी तुकडा तडकलेला दिसला. हा रेक्टिफायर. याचे पणजोबा मात्र पारा भरलेला काचेचा भलामोठा फुगा होते!

बॅटरी चार्ज करायची तर प्रवाह एकाच दिशेने वाहायला हवा. गास्ताँ प्लाँते याने १८५९ मध्ये शिसे-आम्लाची बॅटरी बनवली, तेव्हा ती चार्ज करायला त्याच्याकडे साधे रासायनिक घटच होते. १८८१ मध्ये गुस्ताव त्रूव्हे याने पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवली. पुढच्याच वर्षी एडिसनचे न्यूयॉर्कमधले वीजकेंद्र सुरू झाले. तिथली वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. अशा तारेला योग्य रोध जोडून बॅटरी लावली की काम भागे.

घोटाळा झाला तो एसीमुळे. ट्रान्सफॉर्मरने एसीचा दाब हवा तसा वाढवता-उतरवता येतो, म्हणून लांबवर वीज नेण्यात तिचाच जय झाला. १८९६ मध्ये नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोचली ती एसी म्हणून. पण एसीची दिशा सेकंदाला कितीतरी वेळा उलटते. अर्ध्या आवर्तनात बॅटरीत जेवढे घालावे तेवढे पुढच्या अर्ध्यात काढून घ्यावे, असा तो प्रकार. आणि विजेच्या गाड्या तर तेव्हा भरात होत्या. १९०० साली अमेरिकेत १६८१ वाफेच्या, १५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या मोटारी तयार झाल्या. एसीवर मोटर फिरवायची, तिने डीसीचा डायनॅमो फिरवायचा, हा एक उपाय होता. पण ते धूड घरी कोण ठेवणार?

१९०२ मध्ये पीटर कूपर ह्युईट याने वाट काढली. तो पाऱ्याच्या वाफेचे दिवे बनवत होता. निर्वात फुग्यात तळाशी पारा आणि वर ग्रॅफाइटची टोके ठेवली, तर ठिणगी पडल्यावर पाऱ्याच्या पृष्ठभागावरील तप्त ठिपक्यातून इलेक्ट्रॉन भराभर बाहेर पडतात. ग्रॅफाइटमधून पडत नाहीत. साहजिकच प्रवाह एकाच दिशेने जातो. ग्रॅफाइटची दोन टोके ठेवली की एसीची दोन्ही अर्धी आवर्तने कामी येतात. सुरू करताना फुगा जरा कलता करायचा, की आत जांभळट-निळा प्रकाश नाचू लागे. फिरणारा भाग एकही नाही. फुग्यात साधारण १५ व्होल्ट वाया जातात, प्रवाह कितीही असो. मग ८५ व्होल्टची बॅटरी चार्ज करताना किती टक्के ऊर्जा फुकट जाईल? हे गणित दहावीच्या मुलांना जरूर घालावे. फुगा निकामी झाला की दुसरा बसवायचा. चार्जर दुरुस्त करण्याची तेव्हाची रीत ती.

तरीही विजेच्या मोटारी मागे पडल्या. चार्जर नव्हता म्हणून पडल्या असे आम्हांला वाटत नाही. अमेरिकेतल्या शेतावर वीजच नव्हती, पेट्रोल मात्र डब्यातून कुठेही नेता येई. त्यात १९१२ मध्ये कॅडिलॅकने बटन-स्टार्टर आणला आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. तो स्टार्टर बॅटरीवरच चाले, ही गंमतच!

एसीची डीसी करण्याची गरज मात्र संपली नाही. १९२५ मध्ये मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला धावलेली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवरची होती. पुढे सेलेनियमच्या चकत्या आल्या, आणि १९५० नंतर सिलिकॉनने पाऱ्याला हळूहळू निवृत्त केले. आजचा चार्जर २३० व्होल्ट एसीची आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो, तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो, छोट्याशा ट्रान्सफॉर्मरने दाब उतरवतो आणि पुन्हा डीसी करतो.

आता मित्राच्या चार्जरकडे वळू. त्याची बॅटरी लिथियमची, १३ घट ओळीने जोडलेली. प्रत्येक घट ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचा, म्हणजे एकूण ५४.६. दुकानदाराने दिलेला चार्जर शिसे-आम्लाच्या बॅटरीचा होता. तिलाही ४८ व्होल्टचीच म्हणतात, पण तिचा चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत चढतो. १३ ने भागून पाहा: घटामागे सुमारे साडेचार! इतक्या दाबाने लिथियमचा घट तापून पेट घेऊ शकतो. बॅटरीतले संरक्षक मंडळ प्रवाह तोडेल, पण त्या एकाच पहारेकऱ्यावर विसंबून गाडी रात्रभर घराच्या व्हरांड्यात लावून ठेवायची का?

योग्य चार्जर यायला अकरा दिवस लागले. तोवर आमचा मित्र एस.टी.ने शाळेत जात होता.