तंबाखूवरचा कर वाढला की धूम्रपान कमी होते का?

सिगारेट महागल्याची बातमी आली की रुग्णांचे नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, पिणारा पितोच. महाग करून काय होणार?"

फरक पडतो. भारतासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत किंमत 10 टक्क्यांनी वाढली, तर तंबाखूचा वापर साधारण 5 टक्क्यांनी घटतो. श्रीमंत देशांत ही घट 4 टक्क्यांच्या आसपास असते. काही जण सोडतात, काही कमी ओढतात; पण सर्वांत मोठा फायदा म्हणजे खिशात मोजकेच पैसे असलेली मुले सुरुवातच करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान 75 टक्के असावा असे सांगते, ते यामुळेच.

फिलिपिन्सने काय केले?

तेथे पूर्वी किमतीनुसार कराचे चार टप्पे होते. महाग सिगारेटवर जास्त कर, स्वस्तवर अगदी कमी. त्यामुळे दर वाढला की लोक स्वस्त ब्रँडकडे वळत. 2012 च्या कायद्याने हे टप्पे कमी केले. सर्वांत स्वस्त पाकिटावरचा कर 2.72 पेसोंवरून 2013 मध्ये 12 पेसो झाला आणि 2017 मध्ये सर्व पाकिटांवर सरसकट 30 पेसो. वाढीव महसुलाचा मोठा हिस्सा गरिबांच्या आरोग्य विम्याला दिला गेला. 2009 मध्ये तेथील 29.7 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. 2015 मध्ये हे प्रमाण 23.8 टक्क्यांवर आले. श्रेय एकट्या कराचे नाही, पण स्वस्ताची पळवाट बुजवणे महत्त्वाचे ठरले.

आपल्याकडची पळवाट: बिडी

2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत 7.7 टक्के प्रौढ बिडी ओढत होते, सिगारेट 4 टक्के. म्हणजे आपला धूम्रपानाचा प्रश्न मुख्यतः बिडीचा आहे. तरीही 2017 पासून सिगारेटवर जीएसटीबरोबर उपकर लागला, बिडीवर नाही. सप्टेंबर 2025 मध्ये तर जीएसटी परिषदेने सिगारेटसाठी 40 टक्के दर ठरवला आणि बिडीचा दर 28 वरून 18 टक्क्यांवर आणला. बिडी वळणाऱ्या बायकांच्या रोजगाराचे कारण यासाठी दिले जाते. त्यांची अडचण खरी आहे, पण बिडी स्वस्त ठेवून त्यांची मजुरी वाढत नाही. डॉक्टर म्हणून मला हा आपल्या करपद्धतीतला सर्वांत मोठा दोष वाटतो.

बिडीत तंबाखू कमी असते, म्हणून ती "हलकी" असा समज आहे. तो चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, बिडी सारखी विझते. त्यामुळे झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. टार, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकेच किंवा त्याहून जास्त शरीरात जाते.

सुटी विक्री हीही कराची धार बोथट करते. पाकिटाची वाढ एका सिगारेटमागे रुपया-दोन रुपयांत विरून जाते. महाराष्ट्राने 2020 मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच कारणाने योग्य आहे.

गरिबांवर भार पडतो, हा आक्षेप नेहमी येतो. मात्र आजाराचा भार त्यांच्यावर आधीच आहे. तंबाखूजन्य आजारांमुळे 2017-18 मध्ये देशाला सुमारे 1.77 लाख कोटी रुपयांचा फटका बसला. तंबाखूवरील करातून मिळणारे उत्पन्न त्यापुढे फारच थोडे.

किंमत वाढली तर तुम्ही काय करावे?

सिगारेट सोडून बिडीवर येऊ नका, तंबाखू-चुन्यावरही नको. महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त आहेत आणि तोंडाच्या कर्करोगाचे ते एक मुख्य कारण आहे. "दिवसाला दोनच" हाही तोडगा नव्हे. एक-दोन सिगारेटींनीही हृदयविकाराचा धोका बराच राहतो.

पूर्ण सोडल्यावर पहिले काही दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, भूक वाढते. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. घरच्यांनी या काळातली चिडचिड मनावर घेऊ नये. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-11-2356 वर मोफत सल्ला मिळतो. निकोटिनची गोळी किंवा च्युइंगगम यांचा उपयोग होतो. मात्र गरोदरपणात, किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास, ती आधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.