पुस्तक माझे, चित्रपट तुझा

शिक्षक रजेवर असले की मोकळा तास कुणी घ्यायचा, हा मुख्याध्यापकापुढचा रोजचा प्रश्न. मी तो माझ्यापुरता सोडवला आहे. रजिस्टर कारकुनाच्या टेबलावर ठेवतो, नववीच्या वर्गात जातो आणि गोष्ट सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी अशा तासांना मी अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या 'अर्थसी' कादंबऱ्या सांगायला घेतल्या. पहिली १९६८ ची. पुढे १९७१, १९७२, मग एकदम १९९० आणि शेवटची दोन पुस्तके २००१ ची. म्हणजे एकच गोष्ट लेखिका तेहतीस वर्षे लिहीत होती आणि तिच्याबरोबर गोष्टही वयाने वाढत होती.

हे जग म्हणजे शेकडो बेटांचा समुद्र. तिथे मांत्रिक आहेत, ड्रॅगन आहेत. पण खरी सत्ता आहे ती नावाची. प्रत्येकाला एक खरे नाव असते. ते वयात येताना कानात सांगितले जाते आणि जिवाभावाच्या माणसाखेरीज कुणाला कळू द्यायचे नसते. ज्याला तुमचे खरे नाव ठाऊक, त्याची तुमच्यावर सत्ता. व्यवहारात नायकाला एका शिकारी पक्ष्याच्या नावाने हाक मारतात, आपल्या शिक्र्यासारखा पक्षी. त्याचे खरे नाव गेड. मला वाटले होते, हे मुलांना समजावून सांगावे लागेल. कसले काय! मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे नावरस नाव की ओ सर!" पत्रिकेतले नाव वेगळे, हाक मारायचे वेगळे, हे आमच्या मुलांना अमेरिकेतल्या बाईने शिकवायला नको. शिवाय ज्या भागात गावाच्या एका नावावरून पिढ्यान् पिढ्या भांडल्या, आणि ते २०१४ साली सरकारी कागदावर बदललेही, तिथे नावात सत्ता असते हे वेगळे सांगायची गरजच काय?

तिसरी कादंबरी संपत आली तेव्हा माझ्या मुलाने या गोष्टींवरच्या जपानी ॲनिमेशन चित्रपटाची डीव्हीडी आणून दिली. 'टेल्स फ्रॉम अर्थसी', स्टुडिओ जिबली, २००६. सभागृहात प्रोजेक्टर लावून आम्ही तो नववीला दाखवला. चाळीसएक मुले होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना दहा-दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. त्या वह्या तपासताना मला इतिहासाच्या विद्यार्थ्याची जुनी खोड आठवली. एका चित्रपटाविषयी माणसे काय म्हणाली, हाही इतिहासच आहे, आणि या चित्रपटाबाबत त्याची साधने फार दुर्मिळ प्रकारची आहेत. मूळ लेखिकेने आपले मत लिहून ठेवले आहे. दिग्दर्शकाची रोजनिशी आहे. दिग्दर्शकाचे वडील स्वतःच थोर दिग्दर्शक. त्यांचे मत कॅमेऱ्यापुढे नोंदले गेले आहे. तिकीट खिडकीचे मत येनमध्ये मोजलेले आहे. आणि या चौघांत एकमत नाही.

आधी पूर्वपीठिका. हयाओ मियाझाकी हे जपानी ॲनिमेशनमधले सर्वांत मोठे नाव. या कादंबऱ्यांवर त्यांचा फार जीव. १९८० च्या दशकात त्यांनी ले ग्विन यांना पत्र पाठवून चित्रपटाची परवानगी मागितली. बाईंना ॲनिमेशन म्हटले की डिस्नेचेच चित्रपट ठाऊक. त्यांनी नकार दिला. पुढे त्यांनी मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो' (१९८८) पाहिला आणि त्यांचे मतच पालटले. माझी गोष्ट कुणाच्या हाती द्यायची तर याच माणसाच्या, असे ठरवून त्यांनी आपल्या जपानी अनुवादिका मासाको शिमिझु यांच्याकरवी निरोप धाडला. पण तोवर वीस वर्षे लोटली होती. २००५ च्या ऑगस्टमध्ये मियाझाकी आणि जिबलीचे निर्माते तोशिओ सुझुकी ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला त्यांच्या घरी आले ते वेगळाच प्रस्ताव घेऊन. चित्रपट मियाझाकींचा मुलगा गोरो करणार होता.

गोरोने तोवर एकही चित्रपट केलेला नव्हता. तो बागा-उद्यानांची आखणी करणारा माणूस. नंतर मिताका येथील जिबली संग्रहालयाचा संचालक. वडिलांचा त्याने दिग्दर्शन करण्याला विरोध होता, तो सुझुकींनी बाजूला सारला. चित्रपट तयार होत असताना बापलेकांत बोलणे नव्हते. ले ग्विन यांची मात्र समजूत अशी झालेली, की वडिलांच्या देखरेखीखाली आणि संमतीनेच सारे होईल. तसे काही घडत नाही, हे त्यांना मागाहून कळले.

चित्रपट २९ जुलै २००६ रोजी जपानमध्ये लागला. पहिला कौल तिकीट खिडकीचा. लोकांनी गर्दी केली, कमाई ७५० कोटी येनांच्या वर गेली आणि त्या वर्षीच्या जपानी चित्रपटांत तो पहिला ठरला. हयाओंच्या 'स्पिरिटेड अवे'ने (२००१) ३००० कोटींचा आकडा ओलांडला होता, ही तुलना तेव्हाही कुणाला टाळता आली नाही. दुसरा कौल समीक्षकांचा. वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटाला आणि दिग्दर्शकाला एका साप्ताहिकातर्फे तेव्हा उपहासाचा पुरस्कार दिला जाई. ते दोन्ही याच चित्रपटाला मिळाले! ज्या वर्षी सर्वांत जास्त लोकांनी पाहिला, त्याच वर्षी सर्वांत वाईट ठरला. प्रेक्षक नावाचा कुणी एकच इसम असतो, असे मानणाऱ्यांनी या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात.

वाचकांची तक्रार वेगळी होती, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. चित्रपटात तिसऱ्या कादंबरीतला राजपुत्र आरेन आहे, चौथीतली थेरू आहे, आणि मियाझाकींच्या 'शुना' या १९८३ च्या चित्रकथेचेही रंग मिसळले आहेत. कादंबरीत आरेनला त्याचा बापच गेडकडे पाठवतो. चित्रपटात आरेन सुरुवातीलाच बापाला सुरा मारून पळून येतो. कादंबरीतली थेरू आगीत अशी होरपळली आहे की चेहऱ्याची एक बाजू आणि हात कायमचा गेला. माणसे तिच्याकडे पाहायचे टाळतात. चित्रपटात तिच्या गालावर तांबूस डाग आहे, बाकी मुलगी देखणी. जपानमध्ये पुस्तकाचे नावच पूर्वीपासून 'गेडची युद्धगाथा' अशा अर्थाचे होते. पुस्तकात मोठे युद्ध जवळजवळ नाहीच. चित्रपटाने मात्र शेवटी किल्ल्याच्या बुरुजावर तलवार उपसून त्या नावाची लाज राखली.

आता लेखिकेचे मत. ऑगस्ट २००६ मध्ये गोरो अमेरिकेला गेला. बाईंच्या आप्तेष्टांसाठी एक खाजगी खेळ झाला, नंतर त्यांच्या मुलाच्या घरी जेवण झाले. निघताना गोरोने विचारले, चित्रपट आवडला का? सत्त्याहत्तरीला टेकलेल्या त्या बाईंसमोर परदेशातून आलेला, पहिलाच चित्रपट केलेला मुलगा उभा होता. त्या म्हणाल्या ते एवढेच, की हो, आवडला. हे माझे पुस्तक नव्हे, हा तुझा चित्रपट आहे, आणि चांगला आहे. पाहुण्याला दारात सोडताना आपण याहून वेगळे काय बोललो असतो?

गोरोने ते बोल जाहीर करून टाकले. मग मात्र बाईंनी लेखणी उचलली आणि सगळेच लिहिले. दृश्ये सुंदर आहेत, पण 'टोटोरो'तली बारीक अचूकता नाही. उत्कंठा टिकते ती हिंसेच्या जोरावर. बापाला मारण्याला कारण सापडत नाही. सगळ्यांत मोठा आक्षेप असा, की माझ्या गोष्टीत दुष्टपणा माणसाच्या आत असतो. तुम्ही तो एका खलनायकात भरलात, आणि त्याला मारले की प्रश्न सुटला! पहिली कादंबरी ज्याने वाचली आहे त्याला हे पटेल. तिथे गेड ज्या काळ्या सावलीपासून जगभर पळतो, तिला शेवटी स्वतःच्याच नावाने हाक मारतो.

आणखी एक मुद्दा रंगाचा. अर्थसीतली बहुतेक माणसे सावळी, तांबूस-तपकिरी, काळी आहेत. गोरे लोक पूर्वेच्या चार बेटांवरचे, मागासलेले. गोऱ्या वाचकांना दुसऱ्याच्या कातडीत शिरायला लावावे म्हणून लेखिकेने हे हेतुतः केले होते. वडील आल्फ्रेड क्रोबर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले मानववंशशास्त्रज्ञ, तेव्हा हा विचार घरातलाच. २००४ साली अमेरिकन दूरचित्रवाणीने या कादंबऱ्यांवर मालिका केली, तीत बहुतेक सगळे गोरे नट. बाईंनी त्यावर कडक लेख लिहिला. जपानी चित्रपटाबाबत त्यांचा सूर सौम्य होता. आम्हाला ही पात्रे गोरी दिसतात, पण जपानी डोळ्यांना गेड अधिक सावळा दिसतो म्हणतात, तसे असले तर बरे, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. आमच्या सभागृहात इतका समजूतदारपणा नव्हता. खानापूरकडची, कोकणी कानावर असलेली दोन पोरे खुदुखुदु हसत होती. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "सर, दिग्दर्शकच गोरो, मग दुसरं काय होणार?" हसू मलाही आले. पण एका मुलीच्या वहीत लिहिले होते की, सर सांगत होते तेव्हा गेड माझ्या मामासारखा दिसत होता, काल तो तसा दिसला नाही. ही मुलगी स्वतः सावळी आहे, आणि स्नेहसंमेलनात तिला राणीचे काम मिळत नाही. ते ठरवणाऱ्या समितीचा अध्यक्ष मी आहे.

राहिले वडिलांचे मत. प्रदर्शनापूर्वीच्या खेळाला हयाओ आले आणि मध्येच उठून बाहेर गेले. सिगारेट ओढत म्हणाले, मी माझे मूलच बघत होतो, ते अजून मोठे झालेले नाही. हे चित्रित झालेले आहे. नंतर त्यांनी मुलाला निरोप पाठवला, की चित्रपट प्रामाणिकपणे केला आहे, चांगला झाला. गोरोने तो निरोप जपून नोंदवून ठेवला. त्याच गोरोने आपल्या रोजनिशीत वडिलांना गुणही दिले होते : वडील म्हणून शून्य, दिग्दर्शक म्हणून पैकीच्या पैकी. छत्तीसेक वर्षांच्या नोकरीत किंवा विद्यार्थीदशेत इतकी चोख गुणपत्रिका मी पाहिलेली नाही.

हे चित्रण मी आणि माझा मुलगा घरी एकत्र पाहत होतो. तो शेजारच्या गावातल्या शाळेत इतिहासच शिकवतो. हयाओ उठून दाराकडे निघाले तसा तो म्हणाला, "बाबा, तुम्हीही उठला होता."

तो नोकरीला लागला त्या वर्षी त्याचा पाठ पाहायला मी हौसेने गेलो होतो. मागच्या बाकावर बसलो. पानिपतचा धडा होता. मध्येच मी बाहेर गेलो, कारण माझ्याच शाळेतून शिपायाचा फोन आला होता. खाते वेळेवर उघडले नाही की शिष्यवृत्तीचे अर्ज अडकतात. निदान मला तरी तसेच आठवते. परत आलो तेव्हा तास संपला होता. "बरं झालं," असे काहीतरी मी म्हणालो असेन. त्याने ते इतकी वर्षे मनात ठेवले आहे, हे मला त्या जपानी म्हाताऱ्यामुळे कळले. फोनची गोष्ट मी सांगितली. "असेल," तो म्हणाला, आणि आम्ही उरलेले चित्रण पाहिले.

गोरोचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. दूरचित्रवाणीच्या हक्कांमुळे हा चित्रपट अमेरिकेत लागायला २०१० साल उजाडले आणि तिथल्याही समीक्षकांनी त्याला फारसे जवळ केले नाही. पण २०११ मध्ये त्याने 'फ्रॉम अप ऑन पॉपी हिल' केला. त्याची पटकथा लिहिणाऱ्यांत वडील होते, आणि त्याला जपान अकादमीचा त्या वर्षीच्या सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचा पुरस्कार मिळाला. पहिल्या चित्रपटाविषयीची मते यामुळे बदलली असे नाही. ती होती तशीच आहेत. ले ग्विन २०१८ च्या जानेवारीत वारल्या.

आमच्या नववीच्या वह्यांत बहुतेकांनी चित्रपट आवडल्याचे लिहिले. ड्रॅगन आवडला, समुद्र आवडला, थेरू कुरणात एकटी गाते ते गाणे कळले नाही तरी आवडले. पुस्तक चांगले की चित्रपट, या माझ्या प्रश्नाला पुष्कळांनी बगल दिली. एकाने लिहिले, सरांनी सांगितलेली गोष्ट सरांची, ही त्यांची. त्याने ले ग्विन यांचे नावही नीट लिहिले नव्हते.

आणि शेवटच्या बाकावरच्या, एरवी वही कोरी देणाऱ्या एका मुलाने दहाऐवजी दोनच ओळी लिहिल्या होत्या. पिक्चर चांगला आहे. पण त्याने बापाला का मारले ते शेवटपर्यंत समजले नाही. दहा ओळी न लिहिल्याबद्दल मी एक गुण कापला होता. तो खोडून पुन्हा दिला आणि खाली सही केली.