ठाण्याचा कैदी आणि मुंबईचें सुप्रीम कोर्ट

पेशवाई बुडून दहा वर्षें लोटलीं होतीं. इ. स. १८२८ सालीं ठाण्याच्या तुरुंगांत बापू गणेश नांवाचा एक कैदी कंपनीच्या अदालतीच्या हुकुमानें अडकून पडला होता. त्याच्या वतीनें मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत दाद मागण्यांत आली.

हें कोर्ट कंपनीचें नव्हे, विलायतच्या राजाचें. १८२४ सालीं तें उघडलें. मुंबई बेटांत त्याची सत्ता सर्वांवर चाले. बेटाबाहेर मात्र ती कांहीं ठराविक लोकांपुरतीच होती आणि बाकी मुलुखाचा न्याय कंपनीच्या अदालती करीत. परंतु या कोर्टाच्या हातीं ‘हेबिअस कॉर्पस’ हें इंग्रजी कायद्यांतील जुनें अस्त्र होतें. बंदिवानास न्यायासनापुढें उभा करा आणि कोणत्या अधिकारानें त्यास धरलें तें सांगा, असा तो हुकूम. तसा हुकूम ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्यावर सुटला.

त्याच सुमारास पुण्याचें एक प्रकरण आलें. मोरो रघुनाथ नांवाच्या अल्पवयी मुलास पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या गृहस्थांनीं घरांत अडकवून ठेविलें आहे, अशी तक्रार होती. पांडुरंगराव पुण्याचे मोठे सरदार. त्यांवरही हुकूम गेला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचें पित्त खवळलें. सरदारांचा मान राखूनच नवें राज्य टिकावयाचें, अशी त्यांची धारणा होती, आणि ती अगदींच पोकळ होती असें म्हणवत नाहीं. ३ ऑक्टोबर १८२८ रोजीं सरकारनें न्यायाधीशांस लिहून कळविलें कीं, बेटाबाहेर गेलेल्या अशा हुकुमांस यापुढें उत्तर मिळणार नाहीं.

मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टांतच वारले होते. ऑक्टोबरांत सर चार्ल्स चेंबर्सही गेले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. राजाच्या कोर्टाचा हुकूम सरकारच मोडूं लागलें तर कोर्ट हवें कशाला, असा त्यांचा सवाल. त्यांनीं राजाकडे अर्ज धाडला आणि १ एप्रिल १८२९ रोजीं कोर्टाचे दरवाजेच बंद केले! पुढें ते पुन्हां उघडले, पण तोंवर मुंबईंत दुसरा विषय नव्हता.

अर्ज प्रिव्ही कौन्सिलपुढें गेला. १८२९ सालींच निर्णय झाला, तो सर्वस्वीं ग्रँटसाहेबांच्या विरुद्ध. दोन्ही हुकूम चुकीच्या माणसांवर काढले होते. कंपनीच्या अदालतीनें कैदेंत टाकलेल्यास सोडण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टास नाहीं. तुरुंगाधिकाऱ्यानें आपल्या अदालतीचा अधिकार उत्तरांत फोडून सांगितला नसला तरी कोर्टानें तो जाणूनच असलें पाहिजे. बापू गणेश अपराधी होता कीं निरपराधी, पुण्याच्या मुलाचे खरोखर हाल होत होते कीं नाहीं, याचा त्या निर्णयांत विचार नाहीं. हुकूम कोणाच्या नांवें काढावा, एवढाच वाद तेथें निकालांत निघाला.

याच सुमारास बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनीं माल्कमना एक खाजगी पत्र लिहिलें होतें. नवे दोन न्यायाधीश नेमले कीं ग्रँटची स्थिति दोन माणसाळलेल्या हत्तींमध्यें जखडलेल्या रानहत्तीसारखी होईल, असा त्यांतला आशय. पत्र बाहेर फुटलें आणि फार गाजलें. न्यायासनाविषयीं राज्यकर्ते आपसांत काय बोलतात, तें लोकांस एकदां कळलें. ग्रँट पुढें मुंबई सोडून कलकत्त्यास गेले.

१८६२ सालीं सुप्रीम कोर्ट जाऊन हायकोर्ट आलें. पण १८९८ च्या फौजदारी कायद्यांतही हा हुकूम काढण्याची हायकोर्टाची सत्ता मुंबई शहराच्या हद्दीपुरतीच ठेविली होती. मुंबईहून ठाण्यास आगगाडी १८५३ सालींच पोंचली. हायकोर्टाच्या या हुकुमास मात्र तेवढीच वाट चालावयास १९२३ ची कायदेदुरुस्ती यावी लागली.